ऑन द वॉटरफ्रंट : ज्याच्या हाती बिल्ला त्याची गोदी

सिनेमा १९५४ चा, ब्लॅक अँड व्हाईट, १०८ मिनिटांचा, आणि बहुतेक लोक तो टॅक्सीतल्या एका सीनसाठी ओळखतात. तो सीन भारी आहेच, त्याच्यावर येतो पुढे, पण मला विचाराल तर ह्या सिनेमाचा जीव सकाळच्या हजेरीच्या सीनमध्ये आहे आणि त्याच्याबद्दल फारच कमी बोललं जातं, म्हणून तिथूनच सुरू करतो. आणि हो, स्टोरी पूर्ण फोडणार आहे, शेवटासकट, कारण शेवटाबद्दल बोलल्याशिवाय ह्या सिनेमाबद्दल काही बोलताच येत नाही. बघायचाय त्यांनी आधी बघून या.

तर जागा होबोकेन, न्यू जर्सी, म्हणजे हडसन नदीच्या ह्या काठाला गोदी आणि समोर पाण्यापलीकडे मॅनहॅटन. कडाक्याची थंडी, प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघतेय. माल ओढायचे आकडे घेऊन कामगार मुकादमाभोवती जमलेत, बिग मॅक त्याचं नाव. तो ज्याला पितळी बिल्ला देईल त्याला आज काम, बाकीच्यांनी घरी जायचं, कालचा हिशोब आज चालत नाही, कोण किती वर्षं राबलाय ह्याला काडीची किंमत नाही. बिल्ले संपत येतात तशी माणसं त्याच्या अंगावर रेटत जातात, आणि तो उरलेले बिल्ले सरळ हवेत भिरकावतो. मग जे होतं ते बघवत नाही. वयाने मोठी, बायकापोरं असलेली माणसं जमिनीवर पडून एकमेकांच्या अंगावर चढतात एका बिल्ल्यासाठी. बाजूला चर्चचे फादर बॅरी आणि ईडी नावाची मुलगी उभी आहे, तिचा म्हातारा बापही त्याच गर्दीत धडपडतोय.

ह्याला तिथे शेप-अप म्हणायचे आणि ही लेखकाची कल्पना नाही, न्यूयॉर्कच्या बंदरात खरंच माणसं अशीच उभी करून निवडली जायची. मजुरीतला हिस्सा मुकादमाला परत द्यायला तयार असलेला माणूस कानामागे टूथपिक खोचून उभा राहायचा, तीच खूण. माल्कम जॉन्सन नावाच्या पत्रकाराने १९४८ मध्ये न्यूयॉर्क सन ह्या पेपरात २४ लेखांची मालिका लिहून हे सगळं बाहेर काढलं, हप्ते, चोऱ्या, सावकारी, खून, सगळं, आणि त्याला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. पटकथा लिहिणारा बड शुलबर्ग त्या लेखांपासून निघाला आणि मग स्वतः गोदीवर, तिथल्या बारमध्ये कामगारांसोबत बसून त्याने माहिती गोळा केली. ते दिसतं. सिनेमात एकही माणूस भाषण दिल्यासारखा बोलत नाही, फादर सोडून, आणि त्यांचं तर कामच ते.

मला हा सिनेमा आवडतो तो ह्याच्यासाठी की भीती नक्की कशी काम करते हे त्याला कळलंय. जॉनी फ्रेंडली हा युनियनचा दादा, त्याच्याकडे पिस्तुलवाली माणसं आहेत, पण पिस्तूल क्वचित लागतं. रोज सकाळी बिल्ला कुणाला द्यायचा हे त्याच्या हातात आहे, बस. हातावर पोट असलेल्या माणसाला मारायची गरज नसते, दोन आठवडे बिल्ला दिला नाही की तो आपोआप तोंडात मिठाची गुळणी धरतो. वर आणि हाच माणूस ज्या सावकाराकडे उधारी मागायला जाणार तोही जॉनीचाच. म्हणजे काम अडवायचं पण ह्यांनीच आणि व्याजाने पैसे द्यायचे पण ह्यांनीच! बारच्या मागच्या खोलीत जॉनी स्वतःच हिशोब सांगतो, २००० वर्गणीदार मेंबर, वर्षाचे ७२,००० डॉलर आणि हे फक्त कायदेशीर, पुढे बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मालावर ह्यांची कट वेगळी. ली जे. कॉब हा रोल असा करतो की तो माणूस स्वतःला गुंड समजतच नाही. गरिबीतून वर आलोय, लोकांचं भलं करतोय, मग माझ्याशी गद्दारी करायची कुणाची हिंमत कशी होते, असा त्याचा मनापासूनचा राग आहे, आणि त्याच्यामुळे तो जास्त भीतीदायक वाटतो.

आता टेरी मॅलॉय, मार्लन ब्रँडो. एकेकाळचा बॉक्सर, आता जॉनीच्या टोळीतलं लाडावलेलं पोर, कारण त्याचा मोठा भाऊ चार्ली जॉनीचा उजवा हात आहे. सिनेमाच्या पहिल्याच पाच मिनिटांत टेरी एका मुलाला कबुतराच्या निमित्ताने गच्चीवर बोलावतो, त्याला वाटतं ह्याला जरा दम देतील, आणि टोळीवाले त्या मुलाला वरून खाली ढकलून देतात. मुलगा जोई डॉइल, गोदीवरच्या गुन्ह्यांची चौकशी करणाऱ्या क्राईम कमिशनसमोर बोलणार होता म्हणून. ईडी त्याचीच बहीण. त्याच रात्री जॉनी टेरीला पैसे मोजायला देतो आणि त्याचा हिशोब चुकतो, तर बिग मॅक सगळ्यांसमोर म्हणतो की ह्याला आकडे येतात ते रेफ्री दहापर्यंत मोजतो तेवढेच, आणि खोलीभर हशा. त्या हशात ब्रँडोचा चेहरा बघा. तो काहीच करत नाही, नुसता थोडा आत ओढला जातो. मग जॉनी त्याच्या खिशात पन्नासची नोट कोंबतो आणि उद्यापासून गोणींवर बसून राहायचं आरामाचं काम देतो. म्हणजे टेरीलाही बिल्ला मिळालाच की, फक्त जरा मऊ.

हिरो असा लिहायला धाडस लागतं. तो हुशार नाही, शूर नाही, त्याला न्यायबिय काही कळत नाही, आणि त्याचं मन पालटतं ते कुणाच्या उपदेशाने नाही तर एकेका छोट्या गोष्टीने. ईडीसोबत पार्कमधून चालताना तिचा हातमोजा खाली पडतो, तो उचलतो, पण परत देत नाही, झोपाळ्यावर बसून बोलता बोलता त्याच्यावरची धूळ झटकतो आणि मग तो बायकी छोटा मोजा स्वतःच्या जाड बॉक्सरच्या हातात चढवतो. ती जाऊ शकत नाही कारण मोजा त्याच्याकडे. मोजा रिहर्सलमध्ये चुकून पडला होता आणि दिग्दर्शकाने ते तसंच ठेवलं म्हणतात. प्रेमात पडणारी दोन माणसं मी सिनेमांत पुष्कळ बघितलीत पण एवढ्या साध्या गोष्टीतून इतकं कळलेलं फार कमी वेळा बघितलंय. इव्हा मेरी सेंटचा हा पहिलाच सिनेमा, आणि ती ब्रँडोसमोर कुठेही कमी पडत नाही.

दुसरी गोष्ट जॅकेट. हे पहिल्यांदा बघताना सहज निसटू शकतं म्हणून मुद्दाम सांगतो. जोई मेल्यावर त्याचा बाप त्याचं जॅकेट डुगन नावाच्या कामगाराला देतो, ह्याचं फाटलंय म्हणून. डुगन बोलायला तयार होतो आणि जहाजाच्या पोटात व्हिस्कीच्या पेट्यांची अख्खी खेप त्याच्या अंगावर सोडली जाते. जॅकेट परत ईडीकडे येतं. आणि शेवटी ती ते टेरीला देते. कुणीही ह्याच्यावर एक डायलॉग मारत नाही, कॅमेराही झूम करून दाखवत नाही, फक्त ते जॅकेट फिरत राहतं आणि ज्याच्या अंगावर जातं त्याने आता काय करायचंय हे आपल्याला कळत जातं. पटकथा लेखन म्हणजे काय हे शिकायचं असेल तर हे एवढंच बघितलं तरी पुरे.

डुगन मरतो तिथेच खाली उभं राहून फादर बॅरी बोलतात, हा कार्ल माल्डेन. वरून कामगार बघतायत, टोळीवाले त्यांच्यावर केळं, बियरचा डबा फेकून मारतायत, आणि ते म्हणतात की येशू रोज सकाळी तुमच्यासोबत शेप-अपमध्ये उभा असतो. हे पात्रही हवेतून आलेलं नाही, मॅनहॅटनच्या वेस्ट साईडला फादर जॉन कॉरिडन नावाचे जेझुइट पंथाचे धर्मगुरू होते, गोदी कामगारांसोबत काम करायचे, आणि हे भाषण त्यांच्याच बोलण्यावरून घेतलेलं. सीन जबरदस्त आहे पण खरं सांगायचं तर थोडा लांबतो, आणि शेवटी फादर त्या मृतदेहासोबत क्रेनने वर उचलले जातात तेव्हा संगीतही जरा जास्तच छातीवर बसतं. संगीत लेनर्ड बर्नस्टाईनचं. सुरुवातीचा तो एकटा हॉर्न आणि नंतर अचानक सुटणारे ड्रम अप्रतिम, पण काही ठिकाणी तो सीनच्या पुढे धावतो असं मला वाटतं. त्याच्या उलट, टेरी ईडीला जोईबद्दल खरं सांगतो त्या सीनमध्ये जहाजाचा भोंगा वाजतो आणि एक शब्द ऐकू येत नाही, फक्त त्याचं तोंड हलताना दिसतं आणि ती कानांवर हात दाबून धरते. आपल्याला काय झालं ते आधीच माहीत आहे, मग शब्द कशाला पाहिजेत? बरोबर निर्णय.

बरं, टॅक्सी. टेरीला क्राईम कमिशनने साक्षीला बोलावलंय आणि चार्लीला जॉनीने सांगितलंय की भावाला गप्प कर नाहीतर संपव. तो आधी नोकरी देऊ करतो, काही करायचं नाही, काही बोलायचं नाही, आणि आठवड्याला भरपूर डॉलर. टेरी हो-नाही करतो, वेळ संपत आलाय, आणि चार्ली पिस्तूल काढतो. आता दुसरा कुठलाही नट इथे घाबरला असता नाहीतर भडकला असता. ब्रँडो हाताने ते पिस्तूल हळूच बाजूला सारतो, लहान मुलाच्या हातातून काहीतरी काढून घ्यावं तसं, आणि मान हलवत नुसतं भावाचं नाव घेतो. राग नाही, कीव आहे. मग तो मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या त्या फाईटबद्दल बोलतो, जिंकू शकत होता पण चार्लीने येऊन सांगितलं की आजची रात्र तुझी नाही, पैसे समोरच्यावर लावलेत. मी पण कुणीतरी झालो असतो, हे वाक्य जगभर गाजलंय, पण माझ्यासाठी त्याच्या आधीचं जास्त लागतं, की तू माझा भाऊ होतास, तू माझ्याकडे थोडं तरी बघायला पाहिजे होतंस. रॉड स्टायगर हे ऐकताना आतून कोसळतो आणि चेहऱ्यावर जवळपास काहीच दाखवत नाही. त्यातही त्याचे क्लोजअप घेतले तेव्हा ब्रँडो सेटवरून निघून गेलेला होता, त्याची वाक्यं दुसऱ्याने वाचली, स्टायगर ते पुढे कित्येक वर्षं विसरला नाही. आणि टॅक्सीच्या मागच्या काचेला पट्ट्यांचा पडदा दिसतो ना, तो बाहेरचा रस्ता दाखवायची सोय नव्हती म्हणून लावलेला. ह्या एवढ्याशा अर्ध्या गाडीच्या सेटवर हे सगळं झालंय.

बाकी सिनेमा मात्र स्टुडिओतला नाही, तो खऱ्या होबोकेनमध्ये, खऱ्या गच्च्यांवर, खऱ्या धक्क्यांवर, ऐन हिवाळ्यात ३६ दिवसांत शूट झालाय आणि गर्दीत बरेच खरे गोदी कामगार आहेत. जॉनीच्या टोळीतले ते तीन दांडगे, टोनी गॅलेंटो, एब सायमन आणि टॅमी मॉरिएलो, हे खरे हेवीवेट बॉक्सर, तिघंही वर्ल्ड चॅम्पियन जो लुईशी लढलेले. त्यांना ॲक्टिंग येत नाही आणि त्याची गरजही नाही, ते नुसते दारात उभे राहिले की पुरे. कॅमेरा बोरिस कॉफमनचा. धूर, धुकं, नदी, टीव्हीच्या अँटेनांचं जंगल, आणि त्यात टेरीच्या कबुतरांची खुराडी. ऑस्कर मिळालं त्याला. एकूण १२ नॉमिनेशनपैकी ८ ऑस्कर मिळाले सिनेमाला, बेस्ट पिक्चर, दिग्दर्शन, ब्रँडो, सेंट सगळे धरून, आणि सहाय्यक अभिनेत्यासाठी कॉब, माल्डेन, स्टायगर तिघंही उभे होते आणि तिघंही हरले. मला हे अजूनही पटत नाही, स्टायगरला मिळायलाच पाहिजे होतं.

आता जे खटकतं ते. एक, टेरी ईडीच्या घराचं दार तोडून आत शिरतो आणि ती नको म्हणत असताना तिला जबरदस्तीने धरतो, आणि सिनेमा ह्याला प्रेम म्हणून दाखवतो. नाही चालत. १९५४ असो नाहीतर कुठलंही साल, तो सीन बघताना ईडीसारख्या ठाम मुलीचा आवाज सिनेमानेच दाबला असं वाटतं, आणि त्यानंतर तिला करायला फारसं उरतही नाही.

दोन, दिग्दर्शक एलिया कझान. हा विषय टाळून रिव्ह्यू लिहिणं मला बरोबर वाटत नाही. कझानने एप्रिल १९५२ मध्ये कम्युनिस्टांना हुडकून काढणाऱ्या अमेरिकन संसदेच्या कमिटीसमोर आपल्या जुन्या कम्युनिस्ट सहकाऱ्यांची आठ नावं दिली, नाटकाच्या ग्रुपमधली माणसं. शुलबर्गने त्याच्या आधी १९५१ मध्ये दिली होती, कॉबने नंतर १९५३ मध्ये. ह्याच कझानसाठी नाटककार आर्थर मिलरने गोदीवरच एक पटकथा लिहिली होती, स्टुडिओने त्यातल्या गुंडांना कम्युनिस्ट करा म्हटल्यावर मिलरने ती मागे घेतली. आणि मग हा सिनेमा येतो, ज्यात साक्ष देणं हेच सगळ्यात मोठं धैर्य. कझानने आत्मचरित्रात स्वतः लिहिलंय की शेवटी ब्रँडो जॉनीवर ओरडतो की मी केलं ते बरं केलं, तिथे मीच बोलत होतो. १९९९ ला त्याला मानद ऑस्कर दिलं तेव्हा हॉलमधले कित्येक जण हाताची घडी घालून बसून राहिले.

माझं म्हणणं असं की दोन्ही साक्षी एक नाहीत आणि सिनेमाच हे सिद्ध करतो. टेरी ज्यांची नावं घेतो त्यांनी खून केलेत, त्यांच्याच हातात गोदीवरच्या प्रत्येकाची भाकरी आहे, आणि बोलल्यावर टेरीचं काम जातं. कझानने ज्यांची नावं घेतली त्यांच्या हातात कुणाचाही बिल्ला नव्हता, उलट नाव घेतल्यावर त्यांचीच कामं जायची वेळ आली आणि कझानचं काम चालू राहिलं. म्हणजे होबोकेनच्या त्या हजेरीत कझानची जागा कुठे, हे त्याच्याच सिनेमाचा पहिला अर्धा भाग सांगतो. तरीही मी सिनेमा फेकून देणार नाही, कारण कामगारांची ती भूक आणि ती लाचारी इतकी खरी आहे की दिग्दर्शकाचा हेतू काय होता ह्याला ती पुरून उरते.

तीन, शेवट, आणि माझी मोठी तक्रार हीच. टेरी साक्ष देऊन येतो तर त्याच्याशी कुणी बोलत नाही, शेजारचा टॉमी नावाचा पोरगा, जो त्याला देव मानायचा, त्याची सगळी कबुतरं माना मुरगाळून मारतो आणि एक मेलेलं कबूतर त्याच्या अंगावर फेकतो. हे जबरी आहे, गप्प राहायची सवय लहान मुलांपर्यंत कशी झिरपलीय ते एका फेकीत कळतं. दुसऱ्या दिवशी हजेरीला सगळ्यांना बिल्ले मिळतात, एकट्या टेरीला नाही. पुन्हा तोच बिल्ला! इथपर्यंत सिनेमा एक पाऊलही चुकलेला नाही. मग मारामारी होते, टेरी रक्तबंबाळ होतो, फादर आणि ईडी त्याला उभं करतात, तो झोकांड्या खात गोदामाच्या दारापर्यंत चालतो, कामगार त्याच्या मागून आत जातात, जॉनी बाहेर ओरडत राहतो. संगीत टिपेला. पण जरा बघा, दारात उभा कोण आहे? जहाज कंपनीचा मालक. तो म्हणतो चला कामाला लागा, आणि सगळ्यांच्या मागे दार खाली येतं. ह्या मालकाने इतकी वर्षं काय केलं, जॉनीशी त्याचे काय व्यवहार होते, उद्या सकाळी बिल्ले कोण वाटणार, ह्यातलं काहीही सिनेमा विचारत नाही. मध्ये एक छोटा शॉट आहे, कुणी बडा माणूस टीव्हीवर सुनावणी बघतोय, चेहरा दाखवत नाहीत, आणि नोकराला सांगतो की जॉनीचा फोन आला तर मी नाही म्हणून सांग. तो माणूस तसाच सुटतो. तो धागा पकडला असता तर शेवट वेगळा झाला असता.

खऱ्या बंदरात शेप-अप कुणा एकाच्या चालत जाण्याने बंद झाला नाही. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी दोन्ही राज्यांनी मिळून १९५३ मध्ये वॉटरफ्रंट कमिशन नेमलं, भरती त्यांच्या केंद्रांमधून करायची ठरली, त्याच वर्षी गोदी कामगारांची ती युनियन मोठ्या कामगार महासंघातून बाहेर काढली गेली. म्हणजे सिनेमा थिएटरला लागला तेव्हा शेप-अप कागदावर तरी संपलेला होता. शुलबर्गलाही शेवट टोचला असणार, कारण १९५५ ला त्याने ह्याच गोष्टीची कादंबरी लिहिली आणि तिच्यात टेरी जिवंत राहत नाही. कडू आहे, पण सिनेमाने पहिल्या तासात जे जग उभं केलंय त्याला तोच शेवट जास्त शोभतो.

बघायचा असेल तर सबटायटल लावूनच बघा, ब्रँडो अर्धे शब्द गिळतो आणि होबोकेनची बोली पटकन पकडता येत नाही. क्रायटेरियन ह्या जुने सिनेमे डिस्कवर काढणाऱ्या कंपनीची २०१३ ची डिस्क मिळाली तर उत्तम, प्रिंट स्वच्छ आहे आणि तिच्यात फ्रेमचे तीन वेगवेगळे आकार दिलेत, त्यातला १.६६ चा (रुंदी उंचीच्या १.६६ पट) मला बरा वाटला, गच्चीवरच्या सीनमध्ये वर आकाशही राहतं आणि खाली खुराडीही कापली जात नाहीत. मोबाईलवर नका बघू, हजेरीच्या सीनमध्ये मागच्या रांगेतल्या माणसांचे चेहरे दिसले पाहिजेत. पाचपैकी साडेचार, अर्धा त्या शेवटच्या दहा मिनिटांचा आणि त्या तोडलेल्या दाराचा कापला.